लाइन क्लिअर

त्या दिवशी भोंगा बिघडला नव्हता. एवढं एक वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली. लोकांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली, दवाखान्यात विचारलं तेव्हा मान हलवली, घरात बायकोनं विचारलं तेव्हा पाणी प्यायला उठून गेलो. आता विचारणारं कुणी राहिलेलं नाही, म्हणून लिहितो आहे. यात धाडस काही नाही.

मी वीज खात्यात लाइनमन होतो. गावाकडे आम्हाला वायरमन म्हणतात. नोकरी सगळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत झाली, बरीचशी पूर्वेकडच्या कोरड्या भागात. तिथं खांब लांब लांब असतात आणि मधल्या माळावर वाऱ्याशिवाय काही नसतं. आमच्या कामात एक शब्द फार मोलाचा. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला फोन करायचा. ते पुरवठा बंद करतात आणि सांगतात, "लाइन क्लिअर." मग चढायचं. तरीही जुनी माणसं शिकवायची की दुसऱ्याच्या शब्दावर तारेला हात लावायचा नाही. आधी तारेवर साखळी टाकायची. करंट असला तर तो साखळीतून जमिनीत जाईल, तुमच्यातून जाणार नाही. उभ्या नोकरीत मी साखळी टाकल्याशिवाय तारेला हात लावला नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ते माहीत असलेल्या माणसानं काय केलं, ते कळावं म्हणून सांगतो.

विट्याकडे माझी बदली झाली तेव्हा ज्याच्या दुकानाचं मीटर जळालं म्हणून मी गेलो, तो पुढे माझा मित्र झाला. बैलांच्या साजाचं त्याचं दुकान होतं. म्होरक्या, कासरे, गोंडे, घुंगरमाळा, सगळं घरात वळलेलं आणि गुंफलेलं. त्याच्या वडिलांचा तोच धंदा, आजाचाही तोच. डोक्यावर पांढरी टोपी, बोटांना कायम रंगाचे डाग. माझा शब्द त्यानं पहिल्याच आठवड्यात उचलला. आमच्या दारात आला की उंबऱ्याबाहेरच थांबायचा आणि ओरडायचा, "वायरमन, लाइन क्लिअर हाय का?" म्हणजे वहिनी आज कशा आहेत, आत येऊ का.

आतून माझी बायको ओरडायची, "न्हाई! आज भारी करंट हाय. भाईसाब, तितंच थांबा."

"मग च्या बाहेर द्या, वहिनी. बादलीत द्या."

निवृत्तीनंतर मी फलटणजवळ माझ्या गावी आलो, तरी हे चालू राहिलं. फोनवरसुद्धा आधी तोच प्रश्न. त्या शब्दाला आमच्यात दुसरा अर्थच उरला नव्हता.

बैलगाड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे मैदान म्हणतात. बंदी उठून शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि त्याच्या धंद्याला जीव आला. आठवड्याला कुठं ना कुठं मैदान असायचं आणि तिथं त्याचं साजाचं पाल, म्हणजे तंबूतलं दुकान. मी एसटीनं जायचो, दिवसभर त्याच्या पालात बसायचो. गिऱ्हाईक आलं की कासरा ओढून दाखवायचो. माझा तेवढाच उपयोग.

याच सुमारास मुलानं मला मोठा मोबाईल घेऊन दिला. सुरुवातीला मी त्यावर फक्त क्रिकेट बघायचो. शेजाऱ्यांकडे टीव्ही. त्यांच्या घरातून "आऊट!" असा आरडाओरडा व्हायचा आणि माझ्या हातात बॉलर अजून पॅन्टला चेंडू पुसत असायचा. बायको भाकरी थापता थापता हसायची. म्हणायची, "तुमचा मोबाईल शिळा हाय. ताजं तिकडं वाढत्यात, तुमाला उरलेलं येतंय." मी तिला समजावून सांगितलं होतं की चित्र लांबून फिरून येतं, म्हणून थोडा वेळ लागतो. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःलाच पुष्कळदा सांगत आलो की मला माहीत नव्हतं.

मग मैदानंही लाईव्ह दिसायला लागली. चॅनेलवाले मचाण बांधायचे, वर ड्रोन फिरायचा. माणसांना खेळ मोबाईलवर बघायला खरंच आवडतो का, असं कुणी मला विचारलं असतं तर मी त्याला मैदानात घेऊन गेलो असतो. समोर खरे बैल, खरी धूळ, आणि कठड्याला टेकलेली निम्मी माणसं हातातल्या काचेत बघत उभी. मीही त्यातलाच. कारण साधं होतं. मित्राचं पाल धावपट्टीच्या कडेला, दोन्ही टोकांच्या मधोमध असायचं, तिथं गिऱ्हाईक मिळतं म्हणून. तिथून ना सुटायची जागा दिसते, ना निकालाची. काहीतरी धाडधाड जवळ येतं, डोळ्यांसमोरून जातं आणि तोंडात माती राहते. मोबाईलमध्ये मात्र सगळं दिसायचं. बैलांच्या कपाळावरचा गुलालसुद्धा.

मित्राला हे पटायचं नाही. "हितं येऊन मोबाईलमदी बगतोस? मग घरीच बसायचं की गड्या. एसटी तरी कशाला शिणवतोस?"

"तुला काय कळतंय? झेंडा पडताना दिसतो ह्यात."

"झेंडा पडला ते भोंगा सांगतोय की. माज्या कानाला चार्जिंग लागत न्हाई."

त्याचं खरं होतं. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसराही धूसर. पण त्याचे कान शाबूत होते. भोंग्यातून पुकारणाऱ्याचा आवाज यायचा, "गाड्या सुटल्या, बाजू व्हा!" तो आला की थांबायचं आणि "गट पास" असा निकाल आला की पलीकडे जायचं. उभा जन्म त्यानं धावपट्टी अशीच ओलांडली होती, कानाच्या भरवशावर.

ते मैदान दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका माळावर होतं. सकाळपासून वारा उलटा होता, सुटायच्या जागेकडचा आवाज दुसरीकडे नेणारा. गर्दी खूप. दुपारी एक बैल दावं तोडून पालांतून घुसला. कुणाला लागलं नाही, पण पाणी विकणारीचा माठ फुटला आणि ती बराच वेळ त्या ओल्या जागेकडे बघत बसली. मित्र म्हणाला, "आज जनावरं बिथरल्यात. माणसं बी." मी हो म्हणालो. माझं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

भोंगा आमच्या पालाशेजारीच एका वाशावर बांधलेला होता. मागून आलेली वायर वाशावरून वर चढून त्याला लागली होती, तिथून पुढच्या भोंग्याकडे गेली होती, आणि चढतानाच हाताला येईल अशा उंचीवर तिला चिकटपट्टी गुंडाळलेला जोड होता. सेमी सुरू झाल्या आणि तो भोंगा मला छळायला लागला. मोबाईलमध्ये गाड्या अर्ध्यावर असायच्या आणि भोंगा डोक्यावर बसून सांगायचा की अमक्याची गाडी पहिली आली. दोन सेमी अशा गेल्या. माझी सगळी मजा जात होती. क्रिकेटच्या वेळी शेजाऱ्यांचं तोंड बंद करता येत नव्हतं. हे करता येत होतं.

मित्र चहा आणायला गेला होता. मी उठलो, चिकटपट्टी सोडवली आणि जोड ओढला. माझे हात त्याच कामात म्हातारे झालेले, वेळ लागलाच नाही. आमच्या डोक्यावरचा भोंगा गप्प झाला, पुढचाही झाला. मी पुन्हा येऊन बसलो. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर खूप बरं वाटलं.

तो चहा घेऊन आला आणि थबकला.

"भोंगा का गप रं?"

"काय की. बिघडला आसंल."

"तू वायरमन न्हवं? बग की जरा."

"निवृत्त झालोय मी. खात्याकडं अर्ज कर."

तो हसला. आम्ही चहा प्यायलो.

पुढच्या सेमीच्या आधी पलीकडच्या बाजूनं एक गाडीवाला हात हलवून ओरडायला लागला. त्याच्या बैलाचा कासरा विरला होता आणि त्याचा नंबर जवळ आला होता. मित्रानं दोन कासरे खांद्यावर टाकले आणि कडेला जाऊन उभा राहिला. आधीच्या गाड्यांची धूळ अजून खाली बसली नव्हती. त्यानं सवयीनं मान वर करून भोंग्याकडे बघितलं. भोंगा गप्पच. मग तो माझ्याकडे वळला.

"वायरमन, लाइन क्लिअर हाय का?"

त्यानं ते नेहमीच्याच चेष्टेच्या सुरात विचारलं. मी मोबाईलमध्ये बघितलं. गाड्या ओळीत उभ्या होत्या. माणसं बैलांच्या तोंडाशी झोंबत होती. झेंडेवाला झेंडा खाली धरून कुणाशी तरी बोलत होता.

"क्लिअर. जा," मी म्हणालो आणि हातानंही दाखवलं, जा.

तो गेला.

आधी मला पायाखाली कळलं. तळव्यांना बारीक थरथर, मोठा ट्रान्सफॉर्मर जवळ असला की होते तशी. मी मोबाईलमध्ये बघितलं. बैल उभेच होते. मी पुन्हा बघितलं, आणि तोवर धुळीतून एक जोडी आपली चाकोरी सोडून कडेकडे येताना दिसली. लोक ओरडले. मी ओरडलो की नाही, आठवत नाही.

मग सगळे तिकडे धावले. मी धावलो नाही. मोबाईल हातातच राहिला. त्यात तेव्हा झेंडा वर गेला. त्यात तेव्हा झेंडा पडला. गाड्या सुटल्या. वरून ड्रोन दाखवत होता. धावपट्टीच्या मध्यावर पांढऱ्या टोपीचा एक ठिपका कडेनं आत निघाला होता, खांद्यावर कासरे, जरा वाकून, घाई न करता. पलीकडे लोक त्याला उचलत होते आणि माझ्या हातात तो अजून चालत होता. मी त्या काचेला म्हणालो, "थांब." त्या दिवसातलं माझं एवढं एकच बोलणं मला नक्की आठवतं.

मिरजेच्या दवाखान्यात खुब्याचं आणि मांडीचं हाड जोडलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे मोठं. मैदानाच्या लोकांनी चौकशी केली. भोंगा त्या बाजूला बंद होता एवढं सगळ्यांना आठवत होतं. भोंगेवाला आला तेव्हा जोड सुटलेला दिसला. त्याला सगळ्यांनी फैलावर घेतलं. जोड कच्चा दिलास, माणसाच्या जिवाशी खेळलास. तो बिचारा शपथा घेत होता. मी शेजारी उभा होतो. एकानं माझ्याकडे वळून विचारलं, "आवं, तुमी वायरमन. जोड वाऱ्यानं सुटतो व्हय?" मी म्हणालो, "कच्चा आसंल तर सुटतो." त्यानंतर त्या भोंगेवाल्याला त्या भागातल्या मैदानांना कुणी बोलावलं नाही. मागच्या महिन्यात मी त्याला शोधून काढलं आणि खरं काय ते सांगितलं. तो पंखा दुरुस्त करत होता. हातातलं काम न थांबवता म्हणाला, "आता सांगताय व्हय." आणि पुन्हा मान खाली घातली. मी निघालो.

मित्र घरी आला, पण पुन्हा चालू शकला नाही. दुकानाच्या पुढच्या खोलीत खाट टाकली. भाभी, म्हणजे त्याची बायको, खाली बसून गोंडे गुंफायच्या आणि तो खाटेवरून रंग सांगायचा. मैदानाला पाल जायचं बंद झालं. मी त्याला एक मोबाईल नेऊन दिला, आता इथं पडून तरी मैदान बघ म्हणून. मला दुसरं काही सुचलं नाही. जेवढा तो मला हसला होता, तेवढाच तो त्या मोबाईलला चिकटला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दिसायला लागलं होतं. काच नाकाजवळ धरून तो सगळी मैदानं बघायचा. बैल ओळखायचा, साज ओळखायचा. "ती म्होरकी आपली हाय, भाभीला इचार," म्हणायचा. मैदान असलं की मी जायचो आणि खाटेच्या कडेला बसून आम्ही एकाच मोबाईलमध्ये बघायचो. भाभी म्हणायच्या, "भाऊ, तुमी हाय म्हनून ह्यांचा दिवस जातो." मी मोबाईलचा आवाज वाढवायचो.

येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "भोंगा बंद पडला, त्यात कुनाचा दोष? माजं नशीब." मी 'क्लिअर' म्हणालो होतो, हे त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही. मलाही आठवण दिली नाही. आणि तो शब्द त्यानं वापरायचा सोडला. मी दारात गेलो की "ये" म्हणायचा, एवढंच. मला वाटायचं, एकदा तरी त्यानं शिवी द्यावी.

एकदा आम्ही असेच बघत होतो. फायनलच्या गाड्या उभ्या होत्या. तेवढ्यात भाभींच्या फोनवर मैदानातून त्यांच्या भाच्याचा फोन आला. भाभींनी आम्हाला सांगितलं, पाहुण्यांची गाडी पहिली आली. आमच्या मोबाईलमध्ये तेव्हा झेंडाही पडला नव्हता. मित्रानं काच आणखी जवळ ओढली. गाड्या सुटल्या, धावल्या आणि पाहुण्यांचीच गाडी पहिली आली.

"वायरमन," तो म्हणाला, "ह्यात दावत्यात ते आत्ताचं न्हाई व्हय?"

"थोडं मागं आसतं."

"किती मागं?"

"थोडं."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. पांघरुणाखाली न हलणारा पाय होता, त्या जागेवर हात ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "तेवढं पुरतं."

त्या संध्याकाळी परत येताना एसटीत माझ्या शेजारचा माणूस मोबाईलवर सामना बघत होता. खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते. मी त्याला सारखं विचारत होतो, हे आत्ताचं आहे का, हे आत्ताचं आहे का. शेवटी तो जागा बदलून बसला.

त्यानंतर बोलायचंच असं ठरवून मी प्रत्येक वेळी जायचो. 'क्लिअर' माझ्या तोंडून गेलं हे त्याला माहीत होतं. का गेलं, तेही आता कळलं होतं. पण भोंगा गप्प का होता, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या मनात मी चुकलेला मित्र असेन. मी जे केलं ते चुकीच्या आधीचं होतं, आणि ते मजेसाठी केलं होतं. हे सांगितलं तर तो मला त्या खाटेच्या कडेला बसू देणार नाही, याची मला भीती वाटायची. मी जाणं थांबवलं असतं तर त्याचा दिवस कसा गेला असता, असंही मी स्वतःला सांगायचो. ते खोटं होतं. भीती माझ्यापुरतीच होती.

शेवटच्या भेटीत त्याचा चेहरा उतरलेला होता. ताप होता, धाप लागत होती. भाभी म्हणाल्या, "रात्रीपासून पाणी बी नको म्हनत्यात, पन मैदान लावा म्हनून सांगितलं." मी मोबाईल त्याच्यासमोर उशीला टेकवून धरला. भाभी चहा ठेवायला आत गेल्या. आम्ही दोघेच होतो. काचेत गाड्या ओळीत उभ्या होत्या. माणसं बैलांच्या तोंडाशी झोंबत होती. झेंडेवाल्यानं झेंडा खाली धरला होता.

मी म्हणालो, "गड्या, त्या दिवशी तो भोंगा..."

त्यानं एक बोट वर केलं. रंग आता त्या बोटावर राहिला नव्हता.

"थांब," तो म्हणाला. "सुटू दे."

मी थांबलो. झेंडा पडला. गाड्या धावल्या. मधल्या टप्प्यावर कुणीही धावपट्टी ओलांडत नव्हतं, तरी मी तिथंच बघत होतो. निकाल लागला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि श्वास चालू होता. भाभी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "लागला डोळा. ऱ्हाऊ दे आता, भाऊ." मी चहा प्यायलो आणि फलटणची एसटी गाठली.

भाभींचा फोन आला, पण मी पोचलो तोवर तो गेला होता. कब्रस्तानात मी सगळ्यांबरोबर माती दिली. माझ्या मुठीतली माती लवकर सुटली नाही. मागं उभा असलेला माणूस हळूच म्हणाला, "आवं, सरका पुढं."

मी सरकलो. जे म्हणायचं होतं ते असं होतं: गड्या, भोंग्याची वायर मी काढली होती. मला मोबाईलमध्ये शर्यत बघायची होती म्हणून. लाइन क्लिअर नव्हती. मला माफ कर.